सवाष्ण भुताची नोकरी

मी आतापर्यंत एकोणीस वेळा मेले आहे. विहिरीत सहा वेळा, घाटात गाडी पडून चार वेळा, बाळंतपणात तीन वेळा, जळून दोनदा, सासरच्यांनी विष घालून दोनदा, एकदा झोपेत, आणि एकदा कशानं ते दिग्दर्शकालाच शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. प्रत्येक वेळी माझा नवरा मागं राहिला, त्यानं दाढी वाढवली, खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघितलं, आणि मग मी परत आले. परत येणं हे माझं काम आहे.

मी भयपटात भूत बनते. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात मराठी सिनेमा किंवा मोबाइलवरची मालिका बनत असेल आणि त्यात एखादी मेलेली बायको असेल, तर बहुतेक मला फोन येतो. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं की भुतांचे खरे अनुभव लिहा, आणि जमल्यास भयपटातलं हरवलेलं प्रेम आणि दुःख यावरही चार शब्द लिहा. खरं भूत मी पाहिलेलं नाही. दुःखाबद्दल मात्र थोडं सांगता येईल.

आधी धंदा समजावून सांगते, कारण लोकांना वाटतं मी नटी आहे. नटी वेगळी. ती जिवंतपणीचे प्रसंग करते. फुलं वेचते, नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावते, पावसात गिरक्या घेते. ती मेली की तिची मेकअपची खुर्ची रिकामी होते आणि तिथं मी बसते. तोंडावर केस आले की नटी काय आणि मी काय, सारखेच. हार्नेसला लोंबकळायचं, चिखलातून सरपटायचं, कपाटात कोंबून घ्यायचं, ही सगळी कामं मेल्यानंतरची असतात, म्हणजे माझी.

भूत चालत नाही, सरकतं. शहरात गुळगुळीत फरशीवर चाकाच्या पाटावर उभं करून दोरीनं ओढतात. आमच्याकडं कोयनेच्या बाजूला दगडधोंड्यात तो पाट कसला चालतोय! तिथल्या पहिल्याच दिवशी मी म्हटलं, थांबा, आणि चालून दाखवलं. तो पाट परत गाडीत गेला. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन वीस वर्षं चढण चढलेल्या बाईची मान हलत नाही आणि खांदे डुलत नाहीत. भुताला तेवढंच लागतं. त्या दिवशी मला कळलं की पाणी आणता आणता आपण एक कला शिकत होतो.

दुसरी गोष्ट, भुताची रात्र सकाळी साडेदहाला सुरू होते. खिडक्यांना काळं कापड ठोकतात, दारात निळा दिवा लावतात आणि अमावास्या करतात. कोयनानगरच्या बाजूला अंधार पडला की गवे येतात, आणि गव्याला आपण कुठल्या सिनेमात आलोय ते कळत नाही. त्यामुळं मी रात्री आठला मुक्कामाच्या खोलीत भाकरी खाऊन झोपलेली असते. पांढऱ्या लेन्स घातल्या की डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं आणि खोट्या नखांनी नाक खाजवता येत नाही, एवढीच काय ती या धंद्यातली भयानक गोष्ट.

या धंद्यात आले कशी, तेही सांगते. माझं गाव कोरेगाव तालुक्यात. माझे मालक फौजेत ड्रायव्हर होते. सुट्टीवर यायला आठ दिवस राहिले असताना डोंगरात त्यांची गाडी घसरली. मुलगी अश्विनी तेव्हा सात वर्षांची होती. पुढं सहा वर्षांनी आमच्या गावात एक युनिट आलं. उसाच्या कडेला पांढरं लुगडं नेसून केस मोकळे सोडून उभी राहायला त्यांना बाई हवी होती. गावातली एकही बाई तयार होईना. अपशकुन कोण ओढवून घेणार? मी म्हटलं, मी राहते उभी. माझं आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय? दिग्दर्शकाला माझं उभं राहणं इतकं आवडलं की त्यानं विचारलं, "तुम्ही कुठं शिकलात?" मी म्हटलं, घरातल्या प्रत्येक लग्नात कोपऱ्यात उभी राहून शिकले.

तेव्हाची भुतं साधी होती. त्यांना कोंबडं लागायचं, नारळ लागायचा, फार तर वर्षाला एक नैवेद्य. दिलं की जायची. आता भूत तेवढ्यावर जात नाही. त्याच्याशी बोलावं लागतं, त्याची माफी मागावी लागते, त्याच्या मनात काय राहून गेलं ते ओळखावं लागतं. हडळ, जखीण, लावसट ही नावं आता दिग्दर्शकांना जुनाट वाटतात. आताच्या भुताचं नाव 'दुःख' असतं. "कमलताई, हा भयपट नाहीये, ही शोककथा आहे," असं मला गेल्या पाच वर्षांत प्रत्येक दिग्दर्शकानं सांगितलंय, आणि सांगून झाल्यावर मला कपाटात उलटं टांगलंय.

त्यांतलाच एक मल्हार सर. मुलगा गुणी, वय तिशीच्या आत, पुण्याचा. त्यानं पहिल्याच दिवशी मला समोर बसवून पाऊण तास दुःख समजावलं. दुःखाचे टप्पे असतात म्हणे, आधी माणूस मानत नाही, मग चिडतो, मग आणखी काय काय होतं, असं बोटांवर मोजून दाखवलं. शेवटी मी विचारलं, "सर, तुमच्या घरातलं कोण गेलंय?"

"अजून कुणी नाही, ताई," तो म्हणाला. "पण मी खूप वाचलंय."

त्याच्या गोष्टीत कोयनेच्या एका इंजिनिअरची बायको मरते आणि परत येते. ती परत येऊन काय करते, तर पेटी वाजवते. मी म्हटलं, सर, बायको परत आली तर आधी गॅस बंद केलाय का ते बघेल. मग फडक्याचा वास घेईल. मग फ्रिज उघडून म्हणेल, हे कधीचं आहे? पेटीपर्यंत पोचायला तिला तीन दिवस लागतील. तो हसला नाही. वहीत लिहून घेतलं. पुढं सिनेमा आला तेव्हा कुठल्याशा समीक्षकानं लिहिलं की दिग्दर्शकाला स्त्रीच्या मनाची विलक्षण जाण आहे.

त्या सिनेमातल्या नटाला रडू येईना. मुंबईचा देखणा मुलगा होता, पण डोळे कोरडे ठक्क. ग्लिसरीन घातलं की शिंका यायच्या. तो माझ्याकडं आला आणि फार नम्रपणानं म्हणाला, "ताई, तुम्ही यातून गेलायत. तुम्ही कशा रडला होतात?"

मी खरं ते सांगितलं. मी रडले नाही. तेराव्यापर्यंत पत्रावळ्या किती, पाहुणे किती, कुणाला अंथरूण मिळालं नाही, यातच गेले. मला रडू आलं दीड वर्षानं, साताऱ्याच्या स्टँडवर. मागच्या बाकावर कुणीतरी घसा खाकरला, अगदी त्यांच्यासारखा. मी वळून बघितलं. कुणी म्हातारा होता, पान खात होता. मी कोरेगावची गाडी सोडून दिली आणि तिथंच बसून रडले, पुढची गाडी येईपर्यंत. बायका विचारत होत्या, पाकीट मारलं काय? मी म्हटलं, हो.

नटानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे दिसणार कसं पण पडद्यावर?" त्याचंही बरोबर होतं. शेवटी त्याला दाढी लावली.

आता त्या सिनेमातल्या बांगड्यांकडं येते, कारण लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

सिनेमातल्या मेलेल्या बायकोची एक गंमत आहे. ती नवऱ्याच्या आधी मरते, म्हणून सवाष्ण मरते. म्हणजे कपाळभर मळवट, हिरवं लुगडं, गळ्यात मंगळसूत्र आणि हातभर हिरवा चुडा. माझ्यासारखीला हे सगळं घरी घालता येत नाही. आमच्या ग्रामपंचायतीनं विधवांच्या प्रथा बंद, असा ठराव केलाय. ठरावाचा कागद भिंतीवर आहे आणि प्रथा भिंतीच्या अलीकडं बसलेल्या आहेत. मी काळी टिकली लावते, घड्याळासारखं एक-एक कडं घालते, तेवढ्याला कुणी काही म्हणत नाही. पण कामावर गेले, मेले, की मी पुन्हा सवाष्ण. मेकअपवाली मुलगी कुंकू लावायची तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचे. तिला वाटायचं, कुंकू डोळ्यांत जाईल म्हणून.

तर मल्हार सरांना खऱ्या बांगड्या हव्या होत्या. एरवी आम्ही प्लॅस्टिकच्या घालतो, ढिल्या. ते म्हणाले, "ढिल्या बांगड्या खोट्या वाजतात. तिच्या हालचालीत तिचा संसार ऐकू आला पाहिजे." म्हणून पाटणहून एका कासारणीला बोलावलं. तिनं माझा हात हातात घेतला, अंगठ्याचं हाड दाबलं, आणि एक-एक बांगडी अशी चढवली की मनगटावर चिकटूनच बसली. दोन्ही हातांत बारा-बारा. मग रिवाजाप्रमाणं वर एक-एक आशीर्वादाची म्हणून जास्तीची घातली. बांगड्या भरून झाल्यावर कासारणीला नमस्कार करायचा असतो. मी केला. ती म्हणाली, "जल्माची सवाष्ण राहा गं बाय."

मी मान डोलावली. सेटवर होते. मेकअपवाल्या मुलीचा ब्रश मात्र थांबला.

या सिनेमात दोन गोष्टी घडल्या. पहिली किरकोळ. कोयनेच्या जुन्या क्वार्टरमध्ये चित्रीकरण चाललं असताना भूकंपाचा धक्का बसला. कपाट हातभर सरकलं, टांगलेला दिवा झुलला, ताटं खणाणली. पुण्याची सगळी मंडळी किंचाळत बाहेर. मी आणि आमचा आचारी तिथंच. तो कांदा चिरत होता, त्यानं फक्त सुरी उचलून धरली. इकडच्या माणसाला धक्का किती मोठा हे ताटांवरून कळतं. थोड्या वेळानं मल्हार सर दारातून डोकावले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "कॅमेरा चालू नव्हता. परत होईल का?"

दुसरी गोष्ट प्रेतयात्रेची. तिरडीवर खरं तर नटीनं निजायचं होतं, कारण चेहरा दिसणार होता. पण तिचं लग्न ठरलेलं, तिच्या आईचा फोन आला, मुलगी तिरडीवर निजणार नाही. मग चेहऱ्यावर मळवट फासून, तोंड एका बाजूला कलवून मला निजवलं. गर्दीसाठी जवळच्या गावातल्या बायका आणल्या होत्या. त्यांना सांगितलं होतं, नुसत्या बाजूनं चाला आणि रडा.

पण कॅमेरा सुरू झाला आणि त्या बायका थांबल्या. त्यांनी आपापसांत काहीतरी ठरवलं असावं, कारण पुढच्याच क्षणी माझ्या ओटीत नारळ आला. मग तांदूळ. मग खण. सवाष्ण बाई गेली की तिची ओटी भरायची असते, आणि तिच्या पाया पडायचं असतं, म्हणजे आपल्यालाही तसंच मरण येतं. खोटी का असेना, तिरडी होती, चुडा होता. एकेक बाई वाकून माझ्या पायाला डोकं लावत होती. कुणीतरी म्हणालं, "लय भाग्याची गं बाय. कुक्कवासंगं गेली." दुसरी म्हणाली, "आवं, पाय बगा की, कसं शांत पडल्यात."

मला डोळे उघडायचे नव्हते, कारण मी मेलेली होते. पण मनात आलं, काय हे! जिवंतपणी मला ज्या हळदी-कुंकवाला कुणी बोलवत नाही, ते मेल्यावर पायाशी आलंय. या बायांना मी उठून सांगितलं असतं की मी कोण, तर त्यांनी नारळ परत घेतला असता. मल्हार सर मागून कुजबुजत होते, "कट करू नका, हे सोनं आहे." तो प्रसंग सिनेमातला सगळ्यात चांगला आहे, असं सगळे म्हणतात. मी त्यात निजण्याशिवाय काही केलेलं नाही.

शेवटच्या दिवशी नवरा माफी मागतो आणि भुताच्या बांगड्या आपोआप फुटतात, असा प्रसंग होता. मल्हार सर एक लहानसा दगड घेऊन आले. म्हणाले, "ताई, मनगटावरच फोडू. कापड ठेवतो खाली, लागणार नाही."

बारा वर्षांत मी कशालाही नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. "दुसऱ्या आणा. जमिनीवर ठेवून फोडा. माझ्या हातावर नाही."

"पण का?" ते म्हणाले. मी हात पदराखाली घेतले. तसे त्यांचे डोळे चमकले. "ताई, हेच! हेच तर दुःख आहे! हे वापरू आपण!"

मी म्हटलं, "सर, जेवून घ्या, तीन वाजले."

त्यांनी दुसऱ्या बांगड्या आणून फरशीवर फोडल्या. आणि सगळ्यात कहर म्हणजे सिनेमात माझ्या बांगड्यांचा आवाजच नाही. खरा आवाज पुरेसा दुःखी वाटला नाही, म्हणून स्टुडिओत कुणीतरी चमचे वाजवून केलाय.

काम संपलं, आणि बांगड्या निघेनात. दोन दिवस चित्रीकरण लांबलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी अश्विनीचा चुडा भरायचा होता आणि दुपारी हळद होती. पहाटे निघताना मेकअपवालीनं साबण आणला. तीन निघाल्या, बाकीच्या हलेनात. ती म्हणाली, आणखी लावू. मी म्हटलं, राहू दे, गाडी चुकेल. खरं सांगायचं तर साबण मीच कमी लावला होता. पाटणहून गाडीत बसले ती पदर मनगटापर्यंत ओढून. वाटेत उंब्रजला शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकीचं लगीन हाय व्हय?" मी मान हलवली. मला फार बरं वाटलं.

इथं माझा एक भित्रेपणा कबूल करायला हवा. अश्विनी महिनाभर म्हणत होती की पहिली हळद तूच लावायची. ती साताऱ्यात नोकरी करते, तिला सगळ्याची उत्तरं येतात. आणि मी म्हणत होते, नको बाई, आक्कांना लावू दे. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. देवक तिनंच बसवायचं, कन्यादान तिनं आणि थोरल्या दिरांनी करायचं, असं ठरलेलं होतं. मुलगा सांगलीकडचा, घर चांगलं. उगीच पाव्हण्यांना बोलायला जागा कशाला, हे माझं म्हणणं. लोकांना घाबरवणं हा माझा धंदा, आणि मी घाबरत होते एका जावेला आणि न पाहिलेल्या पाव्हण्यांच्या बायकांना. अश्विनी शेवटी एवढंच म्हणाली, "मग आई, तू लग्नात काय म्हणून असणार आहेस?"

मी अंगणात शिरले तेव्हा मांडवात कासार बसला होता. घरातल्या सगळ्या बायका हात पुढं करून रांगेत. मी पायरीला चप्पल काढताना पदर सुटला आणि बांगड्या वाजल्या. सगळ्या माना वळल्या.

आक्का उठली. "ह्ये काय गं कमल?"

"शूटिंगचं हाय, आक्का. निघत न्हाईत."

"निघत न्हाईत म्हंजे? पाव्हणं येत्यालं दोन वाजता उष्टी हळद घिऊन. काढ त्या."

मग सुरू झालं. साबण झाला, खोबरेल झालं, हातावर प्लॅस्टिकची पिशवी घालून ओढून झालं. एक म्हातारी म्हणाली, बर्फात हात बुडवा. दुसरी म्हणाली, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घाला, ताप आलाय म्हणावं. तिसरीनं दोन्ही हातांना प्लास्टर बांधायचं सुचवलं. एकीनं तर, हिला अंगात आलंय म्हणून सांगा, असंही म्हटलं. शेवटी कुणीतरी कासाराला म्हणालं, फोडून टाका.

कासार चटकन मागं सरकला. आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, इतकं ते अशुभ. "मी भराय आलोय," तो म्हणाला. "लगनाच्या मांडवात बांगडी वाढवनं माज्याच्यानं हुनार न्हाई. पोरीला लागंल."

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की पेच पडलाय. बांगड्या हातात ठेवल्या तर अपशकुन, आणि फोडल्या तरी अपशकुन. एवढा घट्ट पेच माझ्या कुठल्याही सिनेमात नव्हता. अश्विनी मेंदीचे, हिरव्या चुड्याचे हात वर धरून बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "कुणीही हात लावायचा नाही माझ्या आईच्या बांगड्यांना." पण ती नवरी होती, नवरीचं कोण ऐकतं?

आक्कानं माझा दंड धरला आणि मला मागच्या खोलीत नेलं. दार लोटलं. पाट्यावरचा वरवंटा उचलला. "मांडवात न्हाई, हितं," ती म्हणाली. "हात ठेव उंबऱ्यावर."

मी ठेवला. सेटवर नाही म्हणणारी मी, घरात हात पुढं करून बसले. अठरा वर्षांपूर्वीही मी असाच ठेवला होता. तेव्हा ओढ्याकाठी, आणि तेव्हाही समोर आक्काच होती, कारण ती थोरली, आणि गावानं दगड तिच्याच हातात दिला होता. दोन काचा मनगटात शिरल्या होत्या. त्यांची खूण अजून आहे, मेकअपवाले तिच्यावर रंग लावतात.

आक्कानं वरवंटा उचलला आणि तिची नजर त्या खुणेवर गेली.

मी म्हटलं, "आक्का, तवाबी तुमीच हुता."

तिचा हात थांबला. वरवंटा वरच. मग हळूच म्हणाली, "रगत आलं हुतं तुला. मी फुकर सुदिक मारली न्हाई. समद्या बाया बगत हुत्या." तिचा आवाज बदलला. "घरी आल्यावर म्हनलं, हळद लावावी. न्हाई लावली. आज लावीन, उद्या लावीन, करत अठरा वर्सं गेली बग."

आक्का माझ्याशी अठरा वर्षांत भाजी, दूध, पोरं यापलीकडं बोलली नव्हती. मला वाटायचं ती मनानं कठोर आहे. ती उंबऱ्यावर माझ्या शेजारीच बसली आणि वरवंटा मांडीवर घेऊन, तोंडाला पदर लावून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बांगड्या वाजल्या, तशी ती आणखीच रडली.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पाव्हणे आले होते, दोनच्या आधीच.

आक्कानं डोळे पुसले. वरवंटा पाट्यावर ठेवला, नेहमीच्या जागी, नीट. माझं मनगट धरलं आणि मला बाहेर ओढलं. मी म्हणत होते, आक्का, पदर तरी घेऊ द्या हातावर. तिनं ऐकलं नाही.

मांडवात सांगलीच्या बायका उभ्या होत्या. पुढं विहीणबाई, हातात नवऱ्या मुलाच्या अंगाला लावून उरलेली, उष्टी हळद. साखरपुड्यात त्यांनी मला पाहिलं होतं, मागच्या रांगेत, बिनबांगड्यांच्या हातांची. त्यांची नजर माझ्या हातांवर आली आणि तिथंच राहिली. कासारानं पेटी मिटली.

"ह्या..." विहीणबाई आक्काला म्हणाल्या, "नवरीच्या आईच न्हवं? आन् ह्यांच्या हातात..."

मला वाटलं आता आक्का सांगेल, शूटिंगचं आहे, निघत नाहीत. ते खरंही होतं, आणि त्यानं सगळं भागलं असतं. मीच ते सांगायला तोंड उघडलं.

आक्का माझ्या आधी बोलली. "लेकीचं लगीन हाय तिच्या. भरल्यात आमी," ती म्हणाली. "पयली हळद ती लावनार. मंग तुमी. मंग मी."

विहीणबाईंनी आक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग अश्विनीकडं. अश्विनी डोळे मोठे करून त्यांच्याकडं बघत होती. मी तिला लहानपणी शिकवलेलं तसं, पापणी न हलवता. कितीतरी वेळ गेल्यासारखा वाटला. मग विहीणबाईंनी हळदीची वाटी माझ्यापुढं धरली.

मी दोन बोटं बुडवली. दोन्ही हात पुढं केले तशा तेवीस काचेच्या बांगड्या एकदम वाजल्या. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. मी माझ्या लेकीच्या गालाला हळद लावली. भरदुपारी, लख्ख उजेडात, एवढ्या माणसांसमोर.

कुणी किंचाळलं नाही.